तेरड्यावरची पाहुणी

मुठा, ता. मुळशी
भाद्रपद शुद्ध १०, शके १८८१

चि. भिवाजीस,
धोंडाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन पत्रं पोचली. उत्तर लिहायचं राहिलं, रागावू नकोस. रोज लिहीन म्हणते आणि दिवस मावळतो. इकडे सगळं ठीक आहे. भात पोटरीला आलं आहे, बांधावर गवत माजलं आहे, तुझे दाजी बरे आहेत. सारजा तीन महिन्यांची झाली. तिला वेळेवर पाजते, न्हाऊ घालते. मागच्या पत्रात तू विचारलंस की ती कुणासारखी दिसते. मी नीट बघितलं नाही, बघून कळवीन.

पौषात माझी हौसा गेली, त्यानंतरची ही पहिली गौर. सासूबाई म्हणाल्या, लेकरामागं गौर थांबवायची न्हाई. दरवर्षी ओढ्यावरून तेरडा हौसाच आणायची. तोंडात पाण्याची चूळ धरून, न बोलता, मागे न बघता यायचं असतं. गेल्या वर्षी तिला दारातच हसू फुटलं आणि सगळं पाणी सासूबाईंच्या अंगावर उडालं, ते तू पाहिलं होतंस. यंदा घरात दुसरी जाणती मुलगी नाही, म्हणून मी गेले. चूळ धरायला जड गेलं नाही. मी तशीही बोलत नाही.

तुला लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. काल गौरीची बोळवण केली. तेरडा ओढ्यात सोडून आल्यावर गौरीचं लुगडं झटकलं, तर निऱ्यांतून एक अळी पडली. बोटाएवढी, काळसर, दोन्ही अंगांना डोळ्यांसारख्या पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांची रांग, आणि शेपटीवर एक शिंग. मी बाहेर टाकणार होते. सासूबाईंनी हात धरला. माहेरवाशिणीसंगं आलेला जीव हाय, उपाशी धाडायचा न्हाई, म्हणाल्या. मग तिला सुपात बसवून पत्रावळीवर भाजी-भाकरी वाढली. तिने तोंड लावलं नाही. पुरणपोळीचा तुकडा ठेवला, शेपू ठेवला, मेथी, भोपळ्याचा पाला, पूजेतली दूर्वा नि आघाडाही ठेवला. पानावर चढते, तोंड टेकवते आणि मागे फिरते. सासूबाईंनी आता मनात घेतलं आहे की गौर आपल्या घरचं खात नाही, म्हणजे कोपली आहे. त्यांना रात्री झोप लागली नाही. तू कॉलेजात किड्यांचंच शिकतोस. ही काय खाते ते लगेच कळव. पिरंगुटचा भिकू दुधाच्या किटल्या घेऊन रोज पुण्याला जातो, त्याच्या हाती हे पत्र देत आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

रंभावन्सं भूगावहून माहेरपणाला आल्या होत्या. त्यांनी सारजेला मांडीवरून उतरू दिलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांची कूस उजवली नाही. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला. पोर आईच्या हातात वाळाय लागलीया, ही बघत न्हाई, बोलत न्हाई. दसरा झाला की रंभीनं न्यावी, दोघींचंबी भलं हुईल, असं म्हणाल्या. तुझे दाजी माझ्याकडे बघत राहिले. मी न्या म्हणाले.

परवा तव्यावर भाकरीचा कोळसा झाला. मी तव्यासमोरच बसले होते. सासूबाई गोठ्यातून ओरडत आल्या तेव्हा मला धूर दिसला. वास कसा आला नाही, विचारतात. खरंच आला नाही. हौसा गेल्यापासून मला कशाचाच येत नाही.

तू वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच.
तुझी
धोंडाक्का

पुणे
१५ सप्टेंबर १९५९

ती. सौ. अक्कास,
भिवाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र भिकूने आत्ताच दिलं आणि तो खाली किटल्या धुतो आहे तोवर हे खरडतो. आधी कामाचं. तुझी पाहुणी तेरडाच खाते. बुडवलेला नको, ओढ्याकाठचा ताजा, कोवळ्या पानांचा आण. सासूबाईंना सांग, गौर कोपलेली नाही. तिला फक्त तिच्या घरचं जेवण हवं आहे. अळीसमोर पुरणपोळी ठेवणाऱ्या बाईचा आमच्या कॉलेजात हार घालून सत्कार व्हायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं; पण हे मात्र त्यांना सांगू नकोस.

आता यातली गंमत ऐक. आपण म्हणतो पाला तो पाला, पण प्रत्येक झाडाच्या रसात काहीतरी आपापलं असतं. कुणात कडू, कुणात झणझणीत, कुणात चीक. झाडाने ते बनवलं, म्हणजे कुणीही यावं नि खाऊन जावं असं होऊ नये. गुरं रुईला तोंड लावत नाहीत ते म्हणूनच. पण प्रत्येक झाडाला एखादी तरी अशी अळी भेटतेच, की जी त्या कडूपणालाच सोकावते. इतरांना जो वास जा म्हणतो, तोच तिला ये म्हणतो. मग तो वास नसेल तर ती खात नाही. उपाशी मरते, पण दुसऱ्या पानाला दात लावत नाही. आणि हिची आई कोण, तर संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा मोठा पतंग. ती अंधारात वासावर तेरडा हुडकते, पायांनी पान चाखते (हो, पायांनी!), नेमक्या पानावर अंडं ठेवते आणि निघून जाते. पुन्हा पोरांचं तोंड बघत नाही. पण जाताना शिदोरीवरच बसवून जाते.

आमच्या सरांनी सध्या मला हेच काम दिलं आहे. अळीच्या तोंडाच्या दोन बाजूंना केसाच्या टोकाएवढ्या दोन बारीक मिशा असतात, त्यांनी ती चव ओळखते. जपानात रेशमाच्या किड्यांवर कुणी करून पाहिलं, तसंच आम्ही करतो. अळीला बर्फावर ठेवून गार करायचं, म्हणजे ती हलत नाही. मग भिंगाखाली सुईने त्या मिशा काढायच्या. शुद्धीवर आली की तीच अळी, जी काल उपाशी मरायला तयार होती, ती कोबी खाते, शेपू खाते, काहीही समोर टाका, खात सुटते. माझा हात स्थिर आहे म्हणून सर हे काम मला देतात. भातलावणीचा हात इथे उपयोगी पडेल असं आपल्या अण्णांना कधी वाटलं नसेल.

अक्का, सारजेचं मात्र मला पटलं नाही. रंभाबाई लाख मायाळू आहेत, ते मी जाणतो. पण तू न्या म्हणालीस, ते कुणी पाणी मागितल्यावर घे म्हणावं तसं म्हणालीस की काय, याची मला भीती वाटते. दसऱ्याला अवकाश आहे. घाई करू नकोस.

भिकू हाका मारतो आहे. घरी सगळ्यांना नमस्कार, तुझ्या पाहुणीलाही.
तुझा
भिवाजी

मुठा
भाद्रपद वद्य ६

चि. भिवाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्याबरोबर ओढ्यावर जाऊन तेरडा आणला. पानाचा वास लागला की काय कोण जाणे, सुपाच्या पार टोकाला मरगळून पडलेली होती ती सरसर चालत आली. खाताना बारीक आवाज येतो, तांदूळ निवडताना येतो तसा. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी ओढ्याच्या दिशेने हात जोडले आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवल्या. मग रोज सकाळी तेरडा आणायचं काम माझ्याकडे आलं. पुढे तिचं खाणं थांबलं, रंग काळवंडला आणि सूपभर सैरावैरा फिरायला लागली. सासूबाईंनी फुटक्या माठात माती घालून तिला त्यात सोडलं. ती आत गेली. मेलं न्हाई, निजलंय, असं त्या म्हणतात. माठ चुलीमागच्या कोपऱ्यात आहे.

त्या मिशा तोडलेल्या अळीचं मी दोनदा वाचलं. मला काय होतंय असं सगळे विचारतात. तुझे दाजी विचारतात, वैद्यांनी विचारलं, आणि सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. आता आहे. मी जेवते. समोर आलं ते खाते, आणि खारट झालं की अळणी राहिलं हे दुसऱ्याचं तोंड बघून ओळखते. सारजा रडली की पाजते, पण ती रडते आहे हे मला कुणीतरी सांगावं लागतं. हौसाला नेलं त्या रात्री मी रडले नाही, म्हणून बायका कुजबुजल्या. मला रडू दाबायचं नव्हतं. ते आलंच नाही. बर्फावर ठेवतात म्हणतोस, तसंच काहीतरी असावं. त्या अळीला दुखतं का, हे तू लिहिलं नाहीस.

आणि तिच्या आईचंही मी मनात घोळवलं. ती बरी आहे. नेमक्या पानावर ठेवते आणि निघून जाते. पोरांचं काही बिघडत नाही. माझ्याजवळ सारजेला द्यायला काही नाही, भिवा. दूध आहे, ते म्हशीलाही असतं. रंभावन्संचं घर चांगलं आहे, विहिरीला पाणी आहे, आणि त्या तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा फुलतो. माझा फुलत नाही. मीही तिला नेमक्या पानावरच ठेवते आहे. तूच लिहिलंस म्हणून मला हे इतकं सोपं करून सांगता आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येईल.

थंडी पडायला लागेल. अण्णांची घोंगडी तुझ्याकडेच आहे ना? तीच पांघर.
धोंडाक्का

पुणे
५ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भिकूला ताप आला आहे, म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवतो. दसऱ्याच्या आत पोचावं अशी देवाजवळ प्रार्थना, आणि पोस्टमनजवळ त्याहून जास्त.

गमतीचं म्हणून लिहायला गेलो आणि तू ते कुठल्या कुठे नेलंस. दुखतं का, याचं उत्तर मला माहीत नाही. सरांना विचारलं, तर ते म्हणाले की असा प्रश्न परीक्षेत येत नाही. कात टाकल्यावर त्या मिशा पुन्हा फुटतात का, हे मी तुझ्यासाठी भिंगाखाली बघत बसलो. फुटतात, असं तुला लिहावं असं फार वाटत होतं. खरं सांगायचं तर एकीला बारीकसा कोंब आला आहे, बाकीच्यांना काही नाही. त्या एकीने आज शेपूकडे पाठ फिरवली. तेवढ्यावरून काही म्हणू नये, असं सर म्हणतात. मी म्हणत नाही. फक्त कळवतो.

पण नेमक्या पानाचं जे तू लिहिलंस, त्यात एक चूक आहे, आणि ती माझ्या अर्धवट लिहिण्यामुळे झाली. तुझ्या पाहुणीच्या जातीची अळी तेरडा खाते, तशी अळूही खाते. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर अळूवर ठेवली तर अळूवर सुखाने वाढते. दोन्ही पानं तिला नेमकीच. पण तेरडा खाऊन थोडी वाढलेली अळी उचलून मी अळूवर ठेवली, आणि अळूवरची तेरड्यावर. अक्का, दोघीही पान चाखून चाखून मागे फिरल्या. काही शेवटी खायला लागल्या, पण खंगल्या. दोन तशाच उपाशी मेल्या. पान चांगलं होतं. पण पहिल्या घासाला जी चव लागली, ती त्यात नव्हती. म्हणजे नेमकं पान म्हणजे नुसतं चांगलं पान नव्हे. जिथं तोंड पहिल्यांदा लागलं, ते.

माणसाचं पोर म्हणजे अळी नव्हे, एवढं मलाही कळतं. हे असलं बोलताना सरांनी ऐकलं तर मला प्रयोगशाळेतून हाकलतील. पण सारजा चार महिने तुझ्या अंगावर वाढली आहे. तुझ्याजवळ द्यायला काही नाही, हे तू म्हणतेस. तिला कुणी विचारलं आहे का?

मला परीक्षेमुळे हलता येत नाही, नाहीतर येऊन गाडीच्या बैलांपुढे आडवा पडलो असतो. एकदा तरी नीट विचार कर, एवढीच पदर पसरून विनंती (पदर नाही, टॉवेल आहे).
तुझा काळजीत पडलेला
भिवाजी

मुठा
आश्विन शुद्ध १३

चि. भिवाजीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. सारजा आदल्याच दिवशी गेली. रंभावन्सं नि त्यांचे यजमान गाडी घेऊन आले होते. नवी कुंची, वाळा, सगळं घेऊन आले. मी तिची दुपटी, काजळाची डबी आणि बोंडलं बांधून दिलं. सासूबाई रडल्या. तुझे दाजी गोठ्यात जाऊन बसले ते गाडी खिंडीपल्याड जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. मी उंबऱ्यात उभी होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर आत येऊन भांडी घासली.

दूध येतं. छाती दगड होते. सासूबाई सांगतात तसं पिळून प्राजक्ताच्या बुडाशी टाकते. ते पायदळी जाऊ द्यायचं नसतं.

घर शांत आहे. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.
धोंडाक्का

पुणे
२० ऑक्टोबर १९५९

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेपर संपल्याबरोबर काल सायकल काढली आणि भूगावला गेलो. चढावर सायकलने मला नेलं नाही, मीच तिला नेलं. रंभाबाईंनी पायांवर पाणी घातलं, चहा केला, आणि मग पदर डोळ्यांना लावून बसल्या.

सारजा दूध घेत नाही. गाईचं देऊन पाहिलं, मग तुकाबाई धनगरीण रोज ताजं शेळीचं आणून देते ते पाहिलं. बोंडलं तोंडाला लावलं की दोन घोट घेते आणि मान फिरवते. आधी खूप रडायची, आता रडतही नाही. हात लावला तर माझ्या बोटाएवढा दंड लागला. पौडच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, दोष काही नाही म्हणाले. रंभाबाई रात्ररात्र तिला खांद्यावर घेऊन फिरतात. त्यांच्यात काही कमी आहे असं कुणी म्हणू नये. त्यांनी जीव ओतला आहे.

एक गोष्ट झाली ती सांगतो. तू दिलेल्या दुपट्यांपैकी एक धुवायचं राहिलं होतं. रंभाबाईंनी सहज तिला त्यात गुंडाळलं, तर पोरीने त्यात नाक खुपसलं आणि अर्धं बोंडलं दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी ते दुपटं धुतलं गेलं आणि पुन्हा तेच. तेव्हा रंभाबाईंच्या सासूबाईंनी ओळखलं. त्यांनी तुला निरोप सांगितला आहे की, आईचं अंगावरचं लुगडं पाठवून दे, धुवू नगंस, तसंच पाठव. रंभी ते नेसंल नि पाजंल, म्हंजी पोर जगंल. एकाचा वास उतरला की दुसरं लुगडं पाठव, असंही म्हणाल्या.

मी तिथं बसलो होतो आणि मला माझ्या काचेच्या बरण्या दिसत होत्या. मी यावर जास्त लिहीत नाही. मागे लिहिलं ते पुरे आहे. भिकू आता बरा आहे. हे पत्र तो आज संध्याकाळी पोचवील आणि उद्या पहाटे लुगडं घ्यायला पिरंगुटला थांबेल. दाजींच्या हाती तिथवर पाठव. उशीर करू नकोस, अक्का. एवढं एक ऐक.
भिवाजी

मुठा
आश्विन वद्य १०

चि. भिवाजीस,
धोंडाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भिकूने तुला सांगितलंच असेल की तो थांबला आणि लुगडं आलं नाही. त्याला रागावू नकोस, नि मलाही. झालं ते क्रमाने लिहिते.

तुझं पत्र वाचलं आणि अंगावरचं लुगडं सोडलं, दुसरं नेसले. त्याची घडी घालून फडक्यात बांधलं. बांधता बांधता मनात आलं, हिला यात काय मिळतं ते बघावं तरी. गाठ सोडून लुगड्यात तोंड घातलं. शेण नाही, धूर नाही, दूध नाही, मला कशाचा वास आला नाही. पुन्हा पुन्हा हुंगलं. काही नाही. तेव्हा मी चुलीपुढे बसून राहिले. माझ्यात असं काहीतरी अजून आहे, जे मला कळत नाही आणि तिला कळतं, हे मला पहिल्यांदा समजलं. माझ्याजवळ द्यायला काही नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते मी माझ्या नाकाने लिहिलं होतं.

मग तेच लुगडं परत नेसले. सासूबाईंनी विचारलं, कुटं निगालीस. मी म्हणाले, लुगडं पोचवायला. त्यांनी भाकरी बांधून दिली. तुझे दाजी कंदील घेऊन पुढे झाले. पहाटे पिरंगुटला भिकूने हात पसरला, तेव्हा मी त्याला म्हणाले की लुगड्यात मी आहे. तो बिचारा लाजला. तिथून एस. टी. मिळाली.

रंभावन्सं ओट्यावर होत्या, सारजा त्यांच्या खांद्यावर. मला वाटलं होतं, तिला बघून माझ्या पोटात काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. खोटं कशाला लिहू. ती वाळलेली, डोळे मोठे झालेले, आणि मी शेजारच्या बाईच्या पोरीकडे बघावं तशी बघत होते. पण मी जवळ गेले, आणि तिने मान फिरवली. अजून तिने मला पाहिलं नव्हतं, तोंड पलीकडे होतं. नुसती मान फिरवून, नाक पुढे करून हुडकायला लागली. ती प्यायली तेव्हा तो आवाज ओट्याच्या खालपर्यंत येत होता. रंभावन्सं म्हणाल्या, घेऊन जा वैनी, माज्यापाशी ती जगायची न्हाई. आणि त्यांनी ती नवी कुंची स्वतःच्या हाताने तिला घातली. त्या हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांना म्हणाले की पाडवा झाला की माहेरी या, आणि लवकर जाऊ नका. पोर दोघींची आहे, वास एकीचा असला म्हणून काय झालं. त्या हो म्हणाल्या. येतील का, देव जाणे. भाऊबीजेला तू येशील तेव्हा भूगाववरूनच ये आणि त्यांना घेऊन ये. सायकल ठेवून एस. टी.ने ये, हे सांगायला नको.

सारजा आता पिते. दंड भरायला लागला आहे. मला अजून फारसं काही वाटत नाही, भिवा. पण आता मी त्याची वाट बघत बसत नाही. तिला वाटतंय, तेवढ्यावर आमचं दोघींचं चाललं आहे. तुझ्या त्या कोंब फुटलेल्या अळीचं काय झालं ते मात्र कळव. आणि जमत असेल तर ते सुईचं काम दुसऱ्या कुणाला दे.

चुलीमागचा माठ तसाच आहे. सासूबाई म्हणतात, पुढच्या गौरीला ती उठंल नि आपली आपण तेरड्याकडं जाईल. त्यांनी माठावर फडकं बांधून ठेवलं आहे, म्हणजे मांजर उकरणार नाही.

तू विचारलं होतंस, ती कुणासारखी दिसते. बघितलं. कपाळ तुझ्यासारखं, रुंद, अभ्यास न करणाऱ्याचं. हनुवटी दाजींची. हौसासारखी दिसत नाही. कुठेच नाही. मी पुष्कळ वेळ बघत होते.

काल सकाळी मी भिंतीकडे तोंड करून तिला पाजत बसले होते. तव्यावर भाकरी होती. सासूबाई गोठ्यात होत्या, तुझे दाजी शेतावर. घरात दुसरं कुणी नव्हतं, कुणी हाक मारली नाही. मला करपल्याचा वास आला, म्हणून मी उठले आणि भाकरी उलटली.

अधिक काय लिहू. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
धोंडाक्का